टेस्टर–हेगन दुरुस्ती

*या लेखातील ‘अन्न व औषध प्रशासन’ ही अमेरिकेची संघीय संस्था आहे. महाराष्ट्र शासनाच्या याच नावाच्या विभागाशी तिचा संबंध नाही.*

टेस्टर–हेगन दुरुस्ती ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अन्न सुरक्षा आधुनिकीकरण कायद्यातील (२०११) एक तरतूद आहे. मर्यादित उलाढाल असलेली आणि आपला बहुतांश माल थेट ग्राहकांना किंवा जवळपासच्या उपाहारगृहांना व किरकोळ दुकानांना विकणारी शेते आणि लहान अन्नप्रक्रिया उद्योग यांना या तरतुदीने कायद्यातील काही नव्या बंधनांतून सशर्त सूट दिली. मोंटानाचे सेनेटर जॉन टेस्टर आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सेनेटर के हेगन यांनी २०१० मध्ये ही दुरुस्ती मांडली. त्यांच्याच नावांनी ती ओळखली जाते.

अन्न सुरक्षेचे नियम सर्वांना सारखेच असावेत, की उत्पादकाचा आकार आणि त्याचे ग्राहकाशी असलेले अंतर पाहून त्यांत फरक करावा, हा या दुरुस्तीमागचा मूळ प्रश्न आहे. दुरुस्तीने दिलेली सूट कायमची किंवा निरपवाद नाही. सूट मिळालेल्या उत्पादकाला आपले नाव व पत्ता ग्राहकापुढे ठेवावा लागतो, विक्रीच्या नोंदी जपाव्या लागतात, आणि रोगाच्या उद्रेकाशी संबंध आढळल्यास ही सूट काढून घेता येते.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत अन्न सुरक्षेची जबाबदारी प्रामुख्याने दोन संघीय यंत्रणांमध्ये विभागलेली आहे. मांस, कोंबडीचे मांस आणि प्रक्रिया केलेली अंडी यांची तपासणी कृषी विभाग करतो. फळे, भाज्या, धान्य, दूध, मासे आणि बहुतेक सर्व तयार खाद्यपदार्थ अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येतात. या प्रशासनाचे अधिकार १९३८ च्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यातून आलेले आहेत. हा कायदा मुख्यतः दूषित किंवा भेसळयुक्त माल बाजारात आल्यानंतर कारवाई करण्यावर भर देणारा होता. शेतात भाजी पिकवताना कोणती काळजी घ्यावी याविषयी बंधनकारक संघीय नियम जवळजवळ नव्हते. १९९८ मध्ये प्रशासनाने ताज्या फळभाज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, परंतु त्या ऐच्छिक होत्या.

२००६ ते २०१० या काळातील काही घटनांनी ही परिस्थिती बदलली. २००६ च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियातील पिशवीबंद पालकातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूचा प्रसार होऊन २६ राज्यांतील सुमारे २०० लोक आजारी पडले. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. २००८ मध्ये मिरची आणि टोमॅटोशी जोडल्या गेलेल्या साल्मोनेलाच्या साथीत हजाराहून अधिक लोकांना लागण झाली. २००८–०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाणा उत्पादनांतून पसरलेल्या साल्मोनेलामुळे ४६ राज्यांत ७१४ रुग्णांची नोंद झाली, आणि ९ मृत्यूंशी या साथीचा संबंध जोडला गेला. या कंपनीचा माल इतर कारखान्यांकडे कच्चा माल म्हणून जात असल्याने बिस्किटे, आइस्क्रीम, चॉकलेट इत्यादी ३,९०० हून अधिक उत्पादने बाजारातून परत मागवावी लागली. २०१० मध्ये आयोवा राज्यातून ५० कोटींहून अधिक अंडी परत मागवण्यात आली.

दूषित माल परत मागवण्याची सक्ती करण्याचा अधिकारही तोपर्यंत प्रशासनाकडे (बालकांच्या दुधासारखे अपवाद वगळता) नव्हता. कंपन्यांनी माल स्वेच्छेने परत घ्यावा अशी विनंतीच त्याला करता येत असे. रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अन्नातून होणाऱ्या आजारांमुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ कोटी ८० लाख लोक आजारी पडत, १ लाख २८ हजार लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागे आणि सुमारे ३,००० जणांचा मृत्यू होई.

### लहान शेतकऱ्यांची चिंता

या घटना घडत असतानाच अमेरिकेत शेतकरी बाजार आणि सभासद-शेती यांचा विस्तार होत होता. सभासद-शेती या पद्धतीत ग्राहक हंगामाच्या सुरुवातीलाच शेतकऱ्याला पैसे देतात आणि दर आठवड्याला ताज्या भाज्यांची टोपली घेतात. अशा शेतांवर अनेकदा तीस-चाळीस प्रकारची पिके थोड्या थोड्या क्षेत्रात घेतली जातात, जनावरेही पाळली जातात आणि शेणखत वापरले जाते. एकाच पिकाच्या शेकडो एकरांवरील शेतीसाठी आखलेले नियम येथे अडचणीचे ठरतील, अशी भीती व्यक्त होऊ लागली.

ही भीती केवळ कल्पनेतील नव्हती. २००६ च्या पालक प्रकरणानंतर कॅलिफोर्नियातील पालेभाजी उत्पादकांनी २००७ मध्ये एक सामायिक करार करून स्वतःसाठी नियम आखले. त्यापलीकडे जाऊन काही मोठ्या खरेदीदारांनी आपापल्या अटी लादल्या. परिणामी वन्य प्राण्यांना रोखण्यासाठी शेताकडेची झुडपे काढणे, कुंपणे घालणे, शेततळ्यांभोवतीची वनस्पती नष्ट करणे असे प्रकार घडले. संघीय कायदाही याच वाटेने गेला तर सेंद्रिय व मिश्र शेती करणाऱ्यांना व्यवसायातून बाहेर पडावे लागेल, असे त्यांच्या संघटनांचे म्हणणे होते.

## विधेयकाचा प्रवास

प्रतिनिधीगृहाने ३० जुलै २००९ रोजी अन्न सुरक्षेचे आपले विधेयक संमत केले. त्यात प्रत्येक नोंदणीकृत अन्न उद्योगावर वर्षाला ५०० डॉलरचे समान शुल्क प्रस्तावित होते. मोठ्या कारखान्याला नगण्य असलेली ही रक्कम घरगुती प्रमाणावर मुरंबे किंवा चीज बनवणाऱ्यासाठी लक्षणीय होती. लहान उत्पादकांच्या विरोधाला येथून धार आली. इलिनॉयचे सेनेटर डिक डर्बिन यांनी सेनेटमध्ये मांडलेल्या विधेयकात असे सरसकट शुल्क नव्हते, परंतु शेतांसाठी बंधनकारक मानके आणि उद्योगांसाठी लेखी सुरक्षा आराखडा या दोन्ही गोष्टी त्यात होत्या.

जॉन टेस्टर हे स्वतः मोंटानातील बिग सँडी येथे सेंद्रिय धान्य व कडधान्ये पिकवणारे शेतकरी होते. त्यांच्या कुटुंबाचा शेतावरच खाटिकखानाही होता. लहान उत्पादकांवर देखरेख ठेवण्याचे काम राज्य व स्थानिक यंत्रणा आधीपासून करतात आणि ग्राहक त्यांना प्रत्यक्ष ओळखतो, त्यामुळे दूरवर माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे नियम त्यांना लावू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. के हेगन यांनी तिला पाठिंबा दिला. सुरुवातीच्या मसुद्यात ‘स्थानिक’ विक्रीची मर्यादा उत्पादकापासून ४०० मैल (सुमारे ६४० किलोमीटर) इतकी होती. वाटाघाटींनंतर ती २७५ मैलांवर (सुमारे ४४० किलोमीटर) आणण्यात आली, आणि उद्रेकाच्या वेळी सूट काढून घेण्याचा अधिकार प्रशासनाला देण्यात आला. नोव्हेंबर २०१० मध्ये ही तडजोड मुख्य विधेयकात समाविष्ट झाली.

सेनेटने ३० नोव्हेंबर २०१० रोजी ७३ विरुद्ध २५ मतांनी विधेयक संमत केले. मात्र त्यात शुल्कविषयक तरतुदी होत्या, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार महसुली विधेयकाचा आरंभ प्रतिनिधीगृहातच व्हावा लागतो. या तांत्रिक दोषामुळे संपूर्ण कायदाच बारगळण्याची वेळ आली होती. त्यावर उपाय म्हणून प्रतिनिधीगृहातून आधीच आलेल्या, जुन्या मोटारगाड्या बदलण्यासंबंधीच्या एका विधेयकाचा मजकूर वगळून त्या जागी अन्न सुरक्षेचा मजकूर घालण्यात आला. सेनेटने तो १९ डिसेंबरला एकमताने आणि प्रतिनिधीगृहाने २१ डिसेंबरला २१५ विरुद्ध १४४ मतांनी मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ४ जानेवारी २०११ रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

## मुख्य तरतुदी

कायद्याने उत्पादकांचे दोन गट मानले आहेत. पहिला गट शेतांचा असून त्यांना फळभाज्यांच्या सुरक्षेची मानके लागू होतात. दुसरा गट अन्न तयार करणाऱ्या, त्यावर प्रक्रिया करणाऱ्या, ते बांधणाऱ्या किंवा साठवणाऱ्या उद्योगांचा आहे. त्यांना संभाव्य धोक्यांचे विश्लेषण करून प्रतिबंधक उपायांचा लेखी आराखडा करावा लागतो. टेस्टर–हेगन दुरुस्ती या दोन्ही गटांना लागू आहे.

### शेतांसाठी सूट

शेताला सूट मिळण्यासाठी पुढील दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात:

* मागील तीन वर्षांत शेताची अन्नपदार्थांची सरासरी वार्षिक विक्री ५ लाख डॉलरपेक्षा कमी असावी. ही मर्यादा चलनवाढीनुसार वाढत जाते.
* याच काळात ‘पात्र अंतिम ग्राहकांना’ केलेली सरासरी विक्री इतर सर्वांना केलेल्या विक्रीपेक्षा अधिक असावी.

‘पात्र अंतिम ग्राहक’ म्हणजे स्वतःच्या उपयोगासाठी अन्न विकत घेणारी व्यक्ती, मग ती कोठेही राहत असो. किंवा शेत ज्या राज्यात आहे त्याच राज्यातील अथवा शेतापासून २७५ मैलांच्या आतील उपाहारगृह किंवा किरकोळ विक्रीचे दुकान. घाऊक व्यापारी, दलाल आणि प्रक्रिया कारखाने यांचा यात समावेश नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या शेताची सरासरी वार्षिक विक्री ४ लाख डॉलर आहे आणि त्यांतील अडीच लाखांचा माल शेतकरी बाजारात व जवळच्या शहरातील उपाहारगृहांना जातो असे मानल्यास, ते शेत सुटीस पात्र ठरते. तेच शेत अडीच लाखांचा माल घाऊक व्यापाऱ्याला देऊ लागले, तर तीन वर्षांची सरासरी बदलताच एकूण विक्री तेवढीच राहूनही त्याची पात्रता संपते. म्हणजेच केवळ आकार लहान असणे पुरेसे नाही. माल कोणाकडे जातो यालाही तितकेच महत्त्व आहे.

पहिल्या अटीत ‘अन्नपदार्थ’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. त्यात फळभाज्यांबरोबर धान्य, दूध आणि पशुखाद्यही मोजले जाते. त्यामुळे सहा लाख डॉलरचे दूध विकणाऱ्या आणि बाजूला थोडी भाजी करणाऱ्या शेतकऱ्याला भाजीची विक्री अल्प असूनही ही सूट मिळत नाही.

### उद्योगांसाठी सूट

वरील दोन अटी पूर्ण करणारा उद्योग, तसेच प्रशासनाच्या व्याख्येनुसार ‘अतिलघु’ ठरणारा उद्योग, यांना संपूर्ण लेखी आराखड्याऐवजी सौम्य बंधने लागू होतात. अतिलघु उद्योग कोणता हे ठरवण्याचे काम कायद्याने प्रशासनावर सोपवले होते. २०१३ च्या प्रारूपात अडीच लाख, पाच लाख आणि दहा लाख डॉलर असे तीन पर्याय ठेवण्यात आले. अंतिम नियमात वार्षिक दहा लाख डॉलरपेक्षा कमी विक्री (विक्रीविना साठवलेल्या मालाच्या मूल्यासह) ही मर्यादा स्वीकारण्यात आली. अशा उद्योगाने दर दोन वर्षांनी प्रशासनाला प्रतिज्ञापनाद्वारे कळवावे लागते की, त्याने धोके ओळखून उपाय योजले आहेत, किंवा तो राज्याच्या अथवा स्थानिक अन्न सुरक्षा कायद्याचे पालन करत आहे.

### पूर्णपणे वगळलेले उत्पादक व पिके

सशर्त सुटीखेरीज काही बाबी फळभाज्यांच्या नियमातून मुळातच वगळण्यात आल्या आहेत. तीन वर्षांच्या सरासरीने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत फळभाज्या विकणाऱ्या शेतांना हा नियम लागू होत नाही. ही मर्यादाही चलनवाढीनुसार बदलते. घरच्या वापरासाठी पिकवलेला माल, तसेच कारखान्यात जंतुनाशक प्रक्रिया होणार असलेला माल (योग्य कागदपत्रांसह) यांनाही सूट आहे. याशिवाय सहसा कच्ची न खाल्ली जाणारी पिके वगळलेली असून त्यांची निश्चित यादी नियमात दिली आहे. तीत बटाटा, रताळे, वांगे, भेंडी, भोपळा, आले, हरभरा, मसूर, भुईमूग आणि कॉफीच्या बिया यांचा समावेश आहे.

| उत्पादक | मूळ मर्यादा (वार्षिक सरासरी) | लागू होणारी बंधने |
|---|---|---|
| अत्यल्प विक्रीची शेते | फळभाज्यांची विक्री २५ हजार डॉलरपर्यंत | फळभाज्यांचा नियम लागू नाही |
| सशर्त सूट मिळालेली शेते | सर्व अन्नपदार्थांची विक्री ५ लाख डॉलरपेक्षा कमी आणि निम्म्याहून अधिक विक्री पात्र ग्राहकांना | नाव-पत्ता दर्शवणे, नोंदी ठेवणे |
| अतिलघु उद्योग | विक्री १० लाख डॉलरपेक्षा कमी | दर दोन वर्षांनी प्रतिज्ञापन |
| इतर शेते व उद्योग | मर्यादा नाही | संपूर्ण नियम लागू |

### शेत आणि उद्योग यांतील सीमारेषा

एखादे काम शेतीचे की प्रक्रियेचे, हे ठरवणे व्यवहारात कठीण ठरले. नियमानुसार भाजी काढणे, धुणे, बाहेरची पाने खुडणे आणि ती थंड करणे ही शेतीची कामे आहेत. द्राक्षे वाळवून बेदाणे करणेही, त्यापुढे प्रक्रिया केली नाही तर, शेतीतच मोडते. मात्र पालेभाजी चिरून तिची तयार कोशिंबीर पिशवीत भरली की ती प्रक्रिया ठरते आणि शेताला उद्योगाचे नियम लागू होतात. चिरलेल्या पृष्ठभागावर जिवाणू लवकर वाढतात आणि अनेक शेतांतील माल एकत्र मिसळला जातो, हे या भेदामागील शास्त्रीय कारण आहे.

## सुटीबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्या

सशर्त सूट मिळालेल्या शेताने आपले नाव आणि पूर्ण पत्ता वेष्टनावर छापावा लागतो. वेष्टन आवश्यक नसेल तर तो विक्रीच्या ठिकाणी फलकावर किंवा मालाबरोबरच्या कागदावर ठळकपणे द्यावा लागतो. सुटीचा मूळ आधार ‘ग्राहक उत्पादकाला ओळखतो’ हा असल्याने ही अट तिचा अविभाज्य भाग मानली जाते. शेताने विक्रीच्या दिनांकित पावत्या जपाव्या लागतात आणि आपण अद्याप पात्र आहोत की नाही याची दरवर्षी लेखी पडताळणी करावी लागते.

पुढील दोन परिस्थितींत प्रशासन सूट काढून घेऊ शकते: रोगाच्या उद्रेकाचा तपास थेट त्या शेताशी येऊन पोहोचला असेल, किंवा शेतावरील परिस्थितीमुळे उद्रेक रोखण्यासाठी तसे करणे आवश्यक झाले असेल. त्याआधी शेतकऱ्याला लेखी सूचना देऊन उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. आदेश निघाल्यावर १५ दिवसांत त्याविरुद्ध दाद मागता येते, अन्यथा १२० दिवसांत संपूर्ण नियमांचे पालन सुरू करावे लागते. दोष दूर झाल्यावर सूट पुन्हा बहाल करण्याचीही सोय आहे.

सूट असली तरी दूषित अन्न विकण्यास असलेली १९३८ च्या कायद्यातील बंदी सर्वांनाच लागू राहते. तसेच राज्ये आपापले अधिक कडक नियम करू शकतात. शिवाय अनेक मोठी दुकाने कायद्याची सूट न पाहता पुरवठादाराकडून खाजगी तपासणीचे प्रमाणपत्र मागतात. त्यामुळे सूट मिळालेल्या शेताला प्रत्येक बाजारपेठेत मोकळीक मिळतेच असे नाही.

## नियमांची घडण आणि अंमलबजावणी

कायद्याने तत्त्वे ठरवली, परंतु तपशील प्रशासनाच्या नियमांवर सोडला. जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपावर लहान व सेंद्रिय शेतकऱ्यांनी तीव्र आक्षेप नोंदवले. कच्चे शेणखत टाकल्यानंतर पीक काढण्यापर्यंत नऊ महिन्यांचे अंतर ठेवण्याचा प्रस्ताव त्यांत सर्वाधिक वादग्रस्त ठरला. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांनुसार हे अंतर ९० ते १२० दिवसांचे आहे. उत्तरेकडील थंड राज्यांत नऊ महिन्यांची अट म्हणजे पूर्ण हंगामच गमावणे होते. सिंचनाच्या पाण्याच्या वारंवार तपासणीचा खर्च हाही मोठा आक्षेप होता.

सप्टेंबर २०१४ मध्ये प्रशासनाने सुधारित प्रस्ताव मांडला. त्यात नऊ महिन्यांची अट मागे घेऊन अधिक संशोधन होईपर्यंत हा विषय राखून ठेवण्यात आला. २५ हजार डॉलरची मर्यादाही सर्व अन्नपदार्थांऐवजी केवळ फळभाज्यांच्या विक्रीवर मोजण्याचे ठरले. दरम्यान, नियम मुदतीत न काढल्याबद्दल सेंटर फॉर फूड सेफ्टी या संस्थेने न्यायालयात दावा दाखल केला होता. त्यातून अंतिम नियमांसाठी कालमर्यादा निश्चित झाल्या. उद्योगांसाठीचा नियम सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फळभाज्यांचा नियम २७ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झाला.

नियम पाळण्याची मुदत आकारानुसार टप्प्याटप्प्याने देण्यात आली. फळभाज्यांची वार्षिक विक्री ५ लाख डॉलरपेक्षा अधिक असलेल्या शेतांना जानेवारी २०१८, अडीच ते पाच लाखांच्या शेतांना जानेवारी २०१९ आणि २५ हजार ते अडीच लाखांच्या शेतांना जानेवारी २०२० ही मुदत होती. मोड आलेल्या कडधान्यांना मात्र प्रत्येक गटात एक वर्ष आधीची मुदत लागू झाली. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओलावा जिवाणूंच्या वाढीलाही पोषक असल्याने त्यांचा धोका अधिक मानला जातो. सिंचनाच्या पाण्याचे मूळ नियम गुंतागुंतीचे ठरल्याने त्यांची अंमलबजावणी लांबणीवर पडली. मे २०२४ मध्ये ते बदलून ठराविक तपासण्यांऐवजी शेतकऱ्याने दरवर्षी पाण्याच्या स्रोताचे व परिसराचे मूल्यमापन करावे अशी पद्धत स्वीकारण्यात आली.

## वाद

### समर्थकांचे मुद्दे

दुरुस्तीच्या समर्थकांचा पहिला मुद्दा खर्चाच्या विषम ओझ्याचा होता. पाणी तपासणी, प्रशिक्षण, हात धुण्याच्या सोयी आणि नोंदवह्या यांचा खर्च शेताच्या आकाराच्या प्रमाणात घटत नाही. कृषी विभागाच्या आर्थिक संशोधन सेवेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फळभाज्यांच्या नियमाचा खर्च सर्वात मोठ्या शेतांसाठी विक्रीच्या सुमारे ०.३ टक्के, तर अतिलघु शेतांसाठी सुमारे ६.८ टक्के असल्याचा अंदाज देण्यात आला.

दुसरा मुद्दा हानीच्या व्याप्तीचा होता. मोठ्या केंद्रात अनेक शेतांचा माल एकत्र धुतला व बांधला जातो, त्यामुळे एका ठिकाणचा दोष अनेक राज्यांत पोहोचतो. लहान शेताचा माल थोड्या लोकांपर्यंत जातो आणि दोष आढळल्यास स्रोत लवकर सापडतो. नॅशनल सस्टेनेबल ॲग्रिकल्चर कोअॅलिशन या संघटनेने ही भूमिका हिरिरीने मांडली. लेखक मायकल पोलन आणि एरिक श्लॉसर यांनीही दुरुस्तीसह विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला.

### विरोधकांचे मुद्दे

मोठ्या फळभाजी उत्पादकांच्या संघटनांनी, ज्यांत युनायटेड फ्रेश प्रोड्यूस असोसिएशन आणि वेस्टर्न ग्रोअर्स यांचा समावेश होता, सुटीला विरोध केला. जिवाणू शेताचा आकार किंवा बाजाराचे अंतर पाहून येत नाहीत, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. नियम जोखमीवर आधारलेले असावेत आणि जोखीम पीक व उत्पादनपद्धती यांवरून ठरावी, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या सूट मिळालेल्या शेतातून साथ पसरल्यास त्या पिकाच्या सर्वच उत्पादकांवरील विश्वास उडेल, अशीही त्यांना भीती होती. लहान शेतांचे समर्थक या विरोधामागे स्पर्धेचा हेतू पाहत होते. परंतु काही ग्राहक संघटनांनाही हा आक्षेप मान्य होता: लहान शेताकडून भाजी घेणाऱ्या व्यक्तीला कमी संरक्षण का मिळावे, असा त्यांचा प्रश्न होता.

### नंतरचे अनुभव

कायदा झाल्याच्या वर्षीच घडलेल्या दोन घटनांचा उल्लेख या वादात वारंवार होतो. २०११ च्या उन्हाळ्यात ओरेगॉन राज्यात स्ट्रॉबेरीतून ई. कोलायची लागण होऊन डझनाहून अधिक लोक आजारी पडले आणि किमान एकाचा मृत्यू झाला. शेतात आलेल्या हरणांच्या विष्ठेतून हे जिवाणू आल्याचे राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आढळले. ही फळे रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर आणि शेतकरी बाजारांत विकली गेली होती. ‘लहान व स्थानिक म्हणजे सुरक्षित’ हे गृहीतक या घटनेने खोटे ठरवले. मात्र शेताने हा माल थेट न विकता इतर विक्रेत्यांना दिला होता. बाजारात समोर उभा असलेला विक्रेता हाच उत्पादक असतो असे नाही, हेही त्यातून दिसले आणि नाव-पत्त्याच्या अटीचे महत्त्व अधोरेखित झाले.

त्याच वर्षी कोलोरॅडोतील एका कौटुंबिक शेतावरील खरबुजांतून पसरलेल्या लिस्टेरियामुळे २८ राज्यांत १४७ लोक आजारी पडले आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. बांधणीच्या जागी साचलेले पाणी, स्वच्छ करण्यास कठीण अशी जुनी यंत्रे आणि फळे साठवण्यापूर्वी थंड न करणे हे दोष तपासात आढळले. उद्रेकापूर्वी अल्पकाळ आधी खाजगी तपासनीसाने याच केंद्राला उत्तम गुण दिले होते. हे शेत कौटुंबिक असले तरी त्याचा माल दूरवर जात असल्याने दुरुस्तीतील सूट त्याला लागू झाली नसती. त्यामुळे दुरुस्तीचे समर्थक व विरोधक दोघेही या घटनेचा आधार घेतात. मालकी कौटुंबिक असल्याने जोखीम कमी होत नाही, असे एक बाजू म्हणते, तर लांब पल्ल्याचे वितरण हेच हानीच्या विस्ताराचे कारण आहे, असे दुसरी.

## इतर संघीय व राज्य सवलती

लहान उत्पादकांना सवलत देण्याची कल्पना टेस्टर–हेगन दुरुस्तीपूर्वीही अमेरिकी कायद्यात होती. कोंबडीच्या मांसाच्या तपासणी कायद्यात (१९५७) वर्षाला १,००० पर्यंत स्वतः पाळलेल्या कोंबड्या कापून विकणाऱ्या शेतकऱ्यांना आणि अधिक अटींसह २०,००० पर्यंतच्या उत्पादकांना नियमित संघीय तपासणीतून सूट आहे. अंड्यांच्या सुरक्षेचा २००९ चा नियम ३,००० पेक्षा कमी अंडी देणाऱ्या कोंबड्या असलेल्या शेतांना लागू नाही. याउलट कच्च्या दुधाच्या आंतरराज्य विक्रीवर १९८७ पासून असलेल्या बंदीत लहान उत्पादकांसाठी अपवाद नाही. तेथे जोखीम पदार्थातच मानली गेली आहे.

घरच्या स्वयंपाकघरात पाव, बिस्किटे, मुरंबे यांसारखे कमी जोखमीचे पदार्थ करून विकण्यास अनेक राज्ये स्वतंत्र कायद्यांनी परवानगी देतात. कॅलिफोर्नियाचा असा कायदा २०१३ पासून अमलात आहे. वायोमिंगने २०१५ मध्ये उत्पादक व ग्राहक यांच्यातील थेट व्यवहारांना बहुतांश परवान्यांतून मोकळे केले. मेन राज्याने २०१७ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना अशा व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार दिला, आणि २०२१ मध्ये जनमताद्वारे अन्नाचा हक्क राज्यघटनेत समाविष्ट केला.

## भारतातील तरतुदींशी तुलना

भारताच्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्येही लहान उत्पादकांचा वेगळा विचार केलेला आहे, परंतु त्याची पद्धत निराळी आहे. या अधिनियमाच्या कलम १८ नुसार शेतकरी, मच्छीमार आणि शेतस्तरावरील पीक यांना अधिनियम लागू होत नाही. म्हणजे अमेरिकी कायद्याप्रमाणे विक्रीची रक्कम किंवा ग्राहकाचे अंतर न मोजता शेतीचा टप्पाच वगळण्यात आला आहे. त्यापुढच्या टप्प्यावर कलम ३१ ने छोटे उत्पादक, फेरीवाले आणि कुटिरोद्योग यांना परवान्याऐवजी केवळ नोंदणीची मुभा दिली. २०११ च्या विनियमांनी त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठरवली. महाराष्ट्रात पापड, लोणची, मसाले तयार करणारे अनेक महिला बचत गट या नोंदणीच्या कक्षेत येतात.

अमेरिकी नियम आयात मालालाही लागू असल्याने त्यांचा भारतीय निर्यातदारांशीही संबंध येतो. भारतीय आंब्याला २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा खुली झाली आणि महाराष्ट्रातून विकिरण प्रक्रिया केलेला हापूस व केसर आंबा तेथे जाऊ लागला. आंबा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळांत मोडत असल्याने तो फळभाज्यांच्या नियमाच्या कक्षेत येतो. परदेशी पुरवठादार या नियमाइतकी काळजी घेतो की नाही, याची पडताळणी करण्याची जबाबदारी अमेरिकेतील आयातदारावर आहे. शेतस्तरावर स्वदेशी कायद्याचे बंधन नसलेल्या बागायतदाराला अशा वेळी पाणी, खत आणि मजुरांच्या स्वच्छतेच्या नोंदी खरेदीदाराच्या मागणीनुसार ठेवाव्या लागतात.